लॅपटॉपच्या ‘मार्फत’ साऱ्या वाचनालयाला वायफाय

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेल्या पंधरवड्यात सांगे तालुक्यातील एका पालकांचे पत्र प्रसिद्ध झाले होते. घरात शिकणारी तीन मुले, इंटरनेटची जोडणी एकच आणि तीही एका वेळी एकाच यंत्रावर चालणारी. तेव्हा सरकारने प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र डोंगल (संगणकाला लावायचे इंटरनेटचे छोटे यंत्र) आणि त्यासोबत डेटा द्यावा, अशी त्यांची मागणी होती. २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी, सांगे आणि काणकोणातली मुले सिग्नल शोधत डोंगरमाथ्यावर जाऊन बसत होती, हे आपण सर्वांनी पाहिले आहे, त्यामुळे त्या पालकांची कळकळ मला परकी नाही. जिथे इंटरनेट पोहोचलेलेच नाही तिथे ते पोहोचवा, ही मागणी रास्तच आहे. पण जिथे एक जोडणी पोहोचली आहे, तिथे दुसरी-तिसरी विकत घेण्याआधी किंवा सरकारकडे मागण्याआधी घरातला संगणक काय करू शकतो ते पाहावे, एवढेच मला त्या पत्राच्या अनुषंगाने सांगायचे आहे. संगणकाला वायफायवरून मिळणारे इंटरनेट तोच संगणक पुन्हा वायफायनेच आजूबाजूच्या फोन, टॅबलेट आणि इतर संगणकांना वाटू शकतो. त्यासाठी बहुतेक वेळा ना वेगळे यंत्र लागते, ना वेगळा प्रोग्राम, ना जादा पैसा.

हे मला आधीपासून ठाऊक होते असे मात्र नाही. मी निवृत्त गणित शिक्षक आहे आणि सत्तरीतल्या एका गावच्या वाचनालयाचा मानद चिटणीस आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही वाचनालयासाठी इंटरनेटची जोडणी घेतली. कंपनीच्या माणसाने भिंतीवर डबा बसवला, क्रमांक आणि पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी माझ्या हाती दिली आणि तो निघून गेला. वायफायला जोडले की आधी एक पान उघडायचे, त्यात तो क्रमांक आणि पासवर्ड भरायचा, मग इंटरनेट सुरू. खोच अशी, की एका वेळी एकच यंत्र आत राहू शकत असे. दुसऱ्याने क्रमांक भरला की पहिला बाहेर फेकला जाई. एरवी याचा त्रास होत नव्हता, कारण वाचनालयाचा एकुलता एक लॅपटॉप आणि मी एवढेच त्याचे गिऱ्हाईक होतो. पण दहावी-बारावीचे निकाल लागले आणि प्रवेशाचे व शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले, तेव्हा बाकांवर सात-आठ मुले हातात फोन घेऊन बसलेली असायची. टॉवरचा सिग्नल आमच्या गावात खिडकीपाशी एक दांडी, आत आले की तीही नाही. एकाने अर्ज भरेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचे, नाहीतर कदंब बस पकडून वाळपई गाठायची आणि तिथे दुकानात पैसे मोजायचे.

कंपनीच्या माणसाला विचारले तर उत्तर ठरलेले होते : दुसरी जोडणी घ्या, नाहीतर वरचा प्लॅन घ्या. सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला ‘वरचा प्लॅन’ हे शब्द किती जड वाटतात, ते समितीच्या बैठकीत बसणाऱ्यालाच कळेल. तरीही ठराव जवळजवळ झालाच होता. त्या संध्याकाळी वाड्यावरची बारावी झालेली एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, “सर, लॅपटॉपच वायफाय देतो की.” तिने सेटिंग्ज उघडले, त्यात ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘मोबाईल हॉटस्पॉट’; नाव दिले, पासवर्ड दिला, बटण सरकवले आणि स्वतःच्या फोनवर ते नाव शोधून जोडून दाखवले. सारे मिळून दोन मिनिटेही लागली नसतील. माझ्या टेबलावर दुसऱ्या जोडणीच्या ठरावाचा मसुदा तसाच पडून होता.

पुढे कुतूहल म्हणून मी याची थोडी माहिती काढली. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९९९ साली आलेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत एका संगणकाची जोडणी दुसऱ्या संगणकांना वाटण्याची सोय होती, अर्थात तारेवाटे. २००९ च्या विंडोज ७ मध्ये वायफायने वाटणेही शक्य झाले, पण त्यासाठी काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागत, म्हणून ते जाणकारांपुरतेच राहिले. साधे बटण मिळाले ते २०१६ मध्ये, विंडोज १० च्या त्या वर्षीच्या मोठ्या सुधारणेत. म्हणजे आमच्या वाचनालयाचा लॅपटॉप ही सोय पोटात घेऊनच दुकानातून आला होता.

त्यात काय घडते हे मला आमच्या लहानपणच्या पत्रांवरून समजले. तेव्हा वाड्यावरच्या निम्म्या घरांची पत्रे ‘मार्फत’ येत. मुंबईला किंवा जहाजावर नोकरीला गेलेला माणूस पाकिटावर आईचे नाव लिही आणि खाली नाक्यावरच्या किराणा दुकानाचा पत्ता देई. पोस्टमनला दुकान तेवढे ठाऊक. कोणते पाकीट कोणत्या घरचे हे दुकानदाराने बघायचे. लॅपटॉप इथे त्या दुकानदाराचे काम करतो. बाहेरच्या जगाला आणि कंपनीच्या त्या लॉगिनच्या पानालाही फक्त लॅपटॉपचा पत्ता दिसतो. आतल्या बाजूला तो स्वतःला १९२.१६८.१३७.१ असा क्रमांक घेतो, जोडलेल्या प्रत्येक फोनला त्याच मालिकेतला पुढचा कुठला तरी क्रमांक देतो, कोणत्या फोनने काय मागितले याची वहीत नोंद ठेवावी तशी नोंद ठेवतो आणि उत्तर आले की ज्याचे त्याला पोहोचवतो. अशा घरगुती वापराच्या क्रमांकमालिका १९९६ पासून जगभर राखून ठेवलेल्या आहेत. जुन्या पद्धतीचे इंटरनेटचे पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. जगातल्या प्रत्येक यंत्राला एकेक द्यायचा म्हटले तर ते पुरणारच नाहीत. आपल्या घरातला राऊटर, म्हणजे भिंतीवरचा तो डबाही, हेच ‘मार्फत’चे काम दिवसरात्र करत असतो. लॅपटॉप ते करू शकतो, हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते इतकेच.

आता कायद्याची आणि कराराची बाजू, कारण हे वाचून कोणी म्हणेल की ही तर पळवाट झाली. मलाही ती शंका आली होती, म्हणून करार चष्मा पुसून पुन्हा वाचला. एका वेळी एकच लॉगिन, अशी अट त्यात होती आणि जोडणी पैसे घेऊन तिसऱ्याला देण्यास मनाई होती. त्याच जागेत सभासदांना विनामूल्य वापरू देण्यास मनाई नव्हती. तरीही कंपनीला लेखी विचारले. वापराची जबाबदारी तुमची, असे उत्तर आले आणि ते मी फाइलला लावून ठेवले आहे. प्रत्येकाने आपापला करार वाचावा, कारण सगळ्यांच्या अटी सारख्या नसतात. ज्यांना येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही, किंवा पैसे घेऊन, वायफाय द्यायचे आहे त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ ही सार्वजनिक वायफायची योजना मंजूर केली असून तिच्यात किराणा दुकान किंवा चहाचा गाडाही ‘पब्लिक डेटा ऑफिस’ होऊ शकतो, आणि त्या दुकानदाराला परवानाही लागत नाही आणि शुल्कही नाही. लॅपटॉपचे हॉटस्पॉट घरापुरते आणि संस्थेपुरते, एवढी मर्यादा मी मानतो.

जबाबदारी तुमची, हे शब्द मी हलके घेत नाही. बाहेरच्यांना फक्त आपला पत्ता दिसतो याचा दुसरा अर्थ असा, की आत कोणी काहीही केले तरी बोट आपल्याकडेच दाखवले जाणार. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफायवरून गेल्याचे आढळले होते आणि त्या घरातल्या माणसाच्या मागे चौकशीचे शुक्लकाष्ठ लागले होते. तेव्हा पासवर्ड हवाच. यंत्र किमान आठ अक्षरे मागते, आपण बारा-चौदा द्यावीत, आणि त्यात संस्थेचे नाव व स्थापनेचे वर्ष घालू नये, कारण ते दोन्ही बाहेरच्या पाटीवरच लिहिलेले असतात. (आमचा पहिला पासवर्ड नेमका तोच होता.) वाचनालयात आम्ही आता एक वही ठेवली आहे : नाव, वेळ, सही. पासवर्ड दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. शिवाय हॉटस्पॉटला जोडलेली यंत्रे लॅपटॉपच्या शेजारीच येऊन बसलेली असतात, हे लक्षात ठेवून लॅपटॉपवरची फाइल शेअरिंगची सोय बंद केली आहे; सभासदांची यादी आणि हिशेब त्याच लॅपटॉपवर आहेत.

पहिल्या महिन्यात आमची जी फजिती झाली ती सांगितली तर इतरांची टळेल. महिन्याला ठरलेला डेटा पूर्ण वेगाने वापरायचा आणि तो संपला की उरलेला महिना रखडत काढायचा, असा आमचा प्लॅन आहे. एरवी डेटा महिनाभर पुरून उरत असे. त्या महिन्यात तो दहाव्या दिवशीच संपला. मुलांनी सिनेमे पाहिले असणार, असा समितीतल्या एका ज्येष्ठांचा निष्कर्ष होता आणि तो पूर्णपणे चुकीचा निघाला. फोन वायफायला जोडला गेला, की आता फुकटचे इंटरनेट मिळाले, असा त्याचा समज होतो. मग एरवी मोबाईल डेटावर दाबून ठेवलेली सारी कामे तो एकदम काढतो. महिनाभराचे फोटो वर चढवतो, व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ आपोआप उतरवतो, अ‍ॅप अद्ययावत करतो. एका मुलाने तर स्वतःचा लॅपटॉप आणून जोडला होता, त्याने विंडोजचा मोठा अपडेट बसल्या बैठकीत खेचून घेतला. आपल्या हॉटस्पॉटला जोडणाऱ्या प्रत्येकाने आपल्या यंत्रात त्या वायफायपुढे ‘मीटर्ड’ (मोजून वापरायचे) अशी खूण करावी. अँड्रॉइड फोनमध्येही ती करता येते आणि विंडोजमध्येही. त्यानंतर यंत्र हात आखडता घेते. ही एक खूण करायला लावल्यापासून आमचा डेटा पुन्हा महिनाअखेरपर्यंत जातो.

वेगाबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. लॅपटॉपमधल्या एकाच वायफाय कार्डाने (वायफायचा सिग्नल घेणाऱ्या-देणाऱ्या भागाने) इंटरनेट घ्यायचे आणि त्यानेच वाटायचे म्हटले, की अरुंद पुलावर एका वेळी एकाच बाजूची वाहने सोडावीत तसे होते. बहुतेक कार्डांत वेग निम्म्यावर येतो. यावर सोपा उपाय आहे. डबा जवळ असेल तर त्यातून लॅपटॉपला तार लावावी आणि वायफाय फक्त वाटण्यासाठी मोकळे ठेवावे. आम्ही तेच केले. सात मीटरची केबल भिंतीच्या कडेने फिरवली, आणि या साऱ्या प्रकरणात झालेला तो एकमेव खर्च. अर्ज भरायला तसा फार वेग लागत नाही, तोंडे दिसणाऱ्या ऑनलाइन तासाला लागतो. सरकारच्या २००४ च्या धोरणात किमान २५६ केबीपीएस (सेकंदाला २५६ हजार बिट) वेगालाही ब्रॉडबँड म्हटले जात होते, २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस (सेकंदाला २० लाख बिट). आठ मुले एकदम व्हिडिओवर बसली तर तेवढ्याने भागणार नाही, पण आठ मुले आठ अर्ज भरत असतील तर चालते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आठ म्हणण्याचे कारण असे, की विंडोजचे हे हॉटस्पॉट आठच यंत्रे घेते, नववा थांबतो.

नवव्याचे हाल गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) घरीच पाहायला मिळाले. मुंबई, पुणे, बंगळूरहून आलेली सारी मंडळी मूळ घरी जमली होती. इंटरनेटचा डबा पुढच्या बल्कांवात (ओसरीत), गणपती आतल्या चौकापलीकडे, आणि मध्ये हातभर जाडीच्या मातीच्या व चिऱ्याच्या भिंती. माटोळी (गणपतीवर टांगायचे फळाफुलांचे छत) बांधून होताच प्रत्येकाला तिचा फोटो पाठवायचा होता आणि माटोळीखाली तर सिग्नलच नाही. मी पुतण्याचा लॅपटॉप मधल्या खोलीच्या खिडकीत ठेवला, जिथे डब्याचाही सिग्नल येतो आणि आतही दिसते, आणि हॉटस्पॉट सुरू केले. अशा भिंतींसाठी हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ हा वायफायच्या लहरींचा पट्टा निवडावा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असला तरी जाड भिंतीपाशी तो हार खातो, आणि जुने प्रिंटर तर त्याला ओळखतही नाहीत. आठ फोन जोडले गेले. नववा माझ्या धाकट्या भावाचा होता, आणि आरती सुरू होईपर्यंत तो ‘कोणी तरी बाहेर या’ असे सगळ्यांना विनवत फिरत होता.

बारीकसारीक अडचणी आणखी आहेत. आमच्या ग्रंथपालबाईंना उठताना लॅपटॉपचे झाकण मिटण्याची चांगली सवय आहे. पण झाकण मिटले की लॅपटॉप झोपतो आणि हॉटस्पॉटही झोपते. पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर काही करू नये, असे सांगून ठेवता येते. पाचेक मिनिटे एकही यंत्र जोडलेले नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद होते, तेही बदलता येते. मॅकच्या संगणकावर हीच सोय ‘इंटरनेट शेअरिंग’ या नावाने मिळते, मात्र वायफायने वाटायचे असेल तर इंटरनेट तारेने किंवा अन्य मार्गाने आत आलेले असावे लागते. लिनक्समध्येही हॉटस्पॉट आहे, पण पुष्कळशा कार्डांना घेणे आणि देणे एकदम जमत नाही. तिथे यूएसबीत बसणारे दुसरे वायफाय कार्ड लावावे लागते.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. जूनमध्ये माडाची झावळी तारेवर पडली की वीज जाते, आणि कधी त्याच झावळीबरोबर इंटरनेटची केबलही. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, पण भिंतीवरचा डबा मेलेला असतो. अशा वेळी मी माझा फोन खिडकीत, जिथे ती एक दांडी येते तिथे ठेवतो, यूएसबी तारेने लॅपटॉपला जोडतो, फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करतो आणि फोनचे इंटरनेट लॅपटॉपमार्फत आत वाटतो. फोनचे स्वतःचे हॉटस्पॉट का नाही, असे कोणी विचारेल. खिडकीतल्या फोनचे वायफाय आतल्या बाकांपर्यंत धड पोहोचत नाही, फोन तापतो आणि तासाभरात त्याची बॅटरी खाली येते. तारेने जोडला की तो लॅपटॉपवरच चार्जही होत राहतो. एक अर्ज तरी आम्ही मेणबत्तीच्या उजेडात, शेवटच्या तारखेला, असाच पाठवला आहे.

त्या मुलीला मी विचारले, हे शाळेत शिकवले का. नाही, आत्तेभावाने दाखवले, म्हणाली. शाळेच्या संगणक कक्षात तिने वर्षानुवर्षे चित्रे रंगवली, तक्ते भरले, स्लाइड केल्या. समोरचा संगणक जाळ्याला कसा जोडला जातो आणि ती जोडणी पुढे कशी देता येते, हा तास कधी झाला नाही. शिक्षण खात्याने संगणकाच्या अभ्यासक्रमात यासाठी दोन तास ठेवावेत, एक जोडण्याचा आणि एक पासवर्ड व जबाबदारीचा, अशी माझी या पत्राद्वारे विनंती आहे. सायबरएज योजनेपासून आपल्या राज्याने विद्यार्थ्यांच्या हाती संगणक देण्यावर बराच खर्च केला आहे, त्यामानाने हे दोन तास स्वस्तात पडतील. पंचायतींनी आणि वाचनालयांनीही नव्या जोडणीचा ठराव घेण्यापूर्वी हातातल्या जोडणीचा करार आणि हातातला लॅपटॉप एकदा उघडून पाहावा.

सांग्याच्या त्या पालकांसाठी शेवटी एवढेच, की आम्ही मराठीत अर्ध्या पानाचा एक कागद तयार केला आहे, त्यात हे टप्पे मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत. तो वाचनालयाच्या दारावर लावला आहे आणि मागणाऱ्याला त्याची प्रत मिळते. दर शनिवारी दुपारी चार ते सात वाचनालय उघडे असते. त्यांनी मुलांना घेऊन यावे, त्यांच्याच लॅपटॉपवर करून दाखवू. फक्त येताना तो पूर्ण चार्ज करून आणावा, कारण शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे वीज असेलच असे सांगता येत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एका ग्रामीण वाचनालयाचा चिटणीस
सत्तरी, गोवा